पाण्यातील कांबरेश्वर

देवदर्शनाला वेळा असतात, हे आपणांस सांगावयास नको. कोठे पहाटेची काकड आरती गाठावी लागते, कोठे दुपारी देव विश्रांती घेतो म्हणून दार लोटलेले असते. आज मी ज्या देवळाविषयी बोलणार आहे त्याचीही वेळ ठरलेली आहे. मात्र ती पुजारी ठरवीत नाही आणि पंचांगही ठरवीत नाही. ती ठरते पाटबंधारे खात्याच्या कचेरीत, उन्हाळी आवर्तन केव्हा सोडावयाचे याचा निर्णय होतो तेव्हा. वर्षाचे बहुतेक महिने हे देऊळ भाटघर धरणाच्या पाण्याखाली असते. चैत्र संपून वैशाख तापू लागला, खालच्या अंगाच्या उसाला पाणी देऊन देऊन जलाशय उतरला, म्हणजे आधी शिखर दिसू लागते, मग भिंती, आणि अखेरीस उंबरठा. पाऊस लागला की ते पुन्हा बुडते. भोर तालुक्यातील वेळवंड खोऱ्यात, पांगारी गावाजवळ हे स्थान आहे. नाव कांबरेश्वर.

या देवळाशी माझा परिचय विलक्षण रीतीने झाला. तो सांगताना मला थोडी लाज वाटणार आहे. परंतु ती गोष्ट वगळून पुढचे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मी शाळामास्तर. नीरेच्या उजव्या कालव्यावरच्या एका गावी माझी बरीचशी नोकरी झाली. १९८८ साली चौथीच्या वर्गाला मी 'माझे गाव' या विषयावर निबंध लिहावयास सांगितले. वर्गात एका पाटकऱ्याचा मुलगा होता. शहरातील श्रोत्यांसाठी सांगतो, पाटकरी म्हणजे कालव्यावर देखरेख ठेवणारा आणि पाळीप्रमाणे शेतकऱ्यांना पाणी देणारा नोकर. त्याची आज येथे तर उद्या तेथे बदली व्हावयाची, म्हणून मुलाने आपल्या मूळ गावाविषयी लिहिले होते. चार-पाचच वाक्ये होती. आमचे गाव धरणाच्या कडेला आहे. आमच्या महादेवाचे देऊळ पाण्यात आहे. उसाला पाणी सोडले की देव बाहेर येतो. मग आम्ही त्याला नारळ फोडतो.

मी त्या वेळी तिशीतला होतो, आणि तिशीतल्या मास्तराला आपल्याला सर्व काही कळते असे वाटत असते. देव पाण्यात राहतो, उसाला पाणी सोडले की बाहेर येतो, ही मुलाच्या डोक्यातली भाकडकथा, नव्हे शुद्ध थाप, असे मी ठरविले. तांबड्या शाईने शेरा मारला, 'असत्य लिहू नये.' एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चालले असते. मी त्याला फळ्यापाशी उभे करून तो निबंध मोठ्याने वाचावयास लावला. वर्ग हसला. मुलगा रडला नाही. ''खरंच हाय गुरुजी,'' एवढे म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. पुढच्या जूनमध्ये त्याच्या वडिलांची बदली झाली. तो पुन्हा मला दिसला नाही.

निवृत्त झाल्यानंतर एका मे महिन्यात वर्तमानपत्रात एक छायाचित्र पाहिले. भेगाळलेला गाळ, मागे उतरलेले पाणी, आणि मध्ये एक काळे, ठेंगणे, दगडी देऊळ. खाली ओळी होत्या: धरणाचे पाणी आटल्याने कांबरेश्वराचे दर्शन. त्या ओळी मी तीनदा वाचल्या. पुढच्या वैशाखात मी भोरची एस. टी. पकडली.

पुण्याहून सातारच्या रस्त्याने कापूरहोळपर्यंत यावे, तेथून भोरकडे वळावे. भोर गावाच्या अलीकडेच धरणाची भिंत दिसते. भोर हे पंत सचिवांच्या संस्थानाचे ठिकाण. १९४८ साली संस्थान विलीन झाले, राजवाडा अजून आहे, आणि चित्रपटवाल्यांना तो फार आवडतो. पण मला त्या दिवशी वाड्यात रस नव्हता. मी भिंतीपाशीच उतरलो आणि बराच वेळ उभा राहिलो. ज्या पाण्यावर माझ्या शाळेचे गाव जगले, ज्याच्यावर उभ्या राहिलेल्या उसातून माझ्या विद्यार्थ्यांच्या फिया भरल्या गेल्या, ते पाणी या भिंतीआडून येत होते. आणि सगळी नोकरी त्याच्या कडेला काढूनही मी ही भिंत एकदाही पाहिली नव्हती.

तिचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळाने दख्खनचा पूर्व भाग होरपळून निघाला, त्यानंतर नीरेचा डावा कालवा पुरा झाला. पावसाळा सरला की नदीची धार बारीक होई, म्हणून सह्याद्रीच्या कुशीत, वेळवंडी नदीवर भाटघर येथे पाणी साठविण्याचे ठरले. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच तेथे एक धरण झाले होते, आणि त्याच्या तलावाला व्हायटिंग नावाच्या अभियंत्याचे नाव मिळाले होते. तेही पुरेना, तेव्हा १९१२ साली आजच्या मोठ्या धरणास आरंभ झाला आणि १९२७-२८ च्या सुमारास ते पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला दिले. भिंत मैलाहून अधिक लांब आहे. पायापासून तिची उंची सुमारे १९० फूट. साठा साडेतेवीस अब्ज घनफुटांच्या आसपास. पुराचे पाणी एका ठराविक पातळीवर आले की माणसाचा हात न लागता आपोआप उघडणारे ४५ दरवाजे तिला आहेत, आणि ते अद्याप काम देतात. पुढे साहेबाचे नाव जाऊन जलाशयाला येसाजी कंकांचे नाव मिळाले. हे योग्यच झाले, कारण येसाजी याच वेळवंड खोऱ्यातील भुतोंड्याचे.

या पाण्याने खाली काय केले हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या कोरड्या मुलखांत ऊस उभा राहिला. सासवडचे माळी आपली बिऱ्हाडे घेऊन उजव्या कालव्यावर उतरले आणि १९३२ साली त्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला. त्या वसाहतीचे नाव माळीनगर. शेतकऱ्यांनी आपल्या हिमतीवर कारखाना उभारावयाचा, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. तेव्हा धरण नको होते असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. धरण नसते तर माझी शाळाच नसती.

परंतु वर काय झाले, हे मात्र आम्हां खालच्या लोकांना कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापटांचे नाव त्याला लागले, त्यामुळे मुळशी सर्वांच्या स्मरणात राहिली. भाटघरचे नाव तसे कोणाच्या तोंडी राहिले नाही. येथे नदीकाठची भातखाचरे, पायवाटा आणि देवस्थाने पाण्याखाली गेली, आणि माणसे वरच्या अंगाला सरकली.

भोरहून पुढचा रस्ता जलाशयाच्या कडेकडेने जातो. उजवीकडे डोंगर, डावीकडे पाणी, पुढे वळण घेतले की उलट. उत्तरेच्या रांगेपलीकडे राजगड आणि वेल्ह्याचा मुलूख. वेल्हे तालुक्याला आता सरकारदप्तरी राजगड हेच नाव आहे. पुण्यातल्या श्रोत्यांनी एवढे लक्षात घ्यावे की त्या बाजूला पानशेत आणि वरसगाव आहेत, आणि आपल्या घरच्या नळाला येणारे पाणी तेथूनच खडकवासल्यात उतरते. पानशेतची आठवण निघाली की पुणेकर १२ जुलै १९६१ चा पूर सांगतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण धरण फुटले तेव्हा काय वाहून गेले एवढेच आपण सांगतो. धरण भरले तेव्हा काय बुडाले, ते पलीकडच्या खोऱ्यात जाऊन विचारावे लागते.

पांगारीजवळ मी रस्ता सोडला. उतारावर करवंदीच्या जाळ्या होत्या, त्या एका रेषेशी येऊन संपत होत्या. पूर्ण भरलेल्या जलाशयाची ती रेषा. तिच्याखाली झाड नाही, गवताचे पाते नाही. नुसती उघडी तांबूस माती, आणि तळाकडे करडा गाळ. हा गाळ वरून वाळलेला दिसतो व आतून ओला असतो, हे माझ्या एका चपलेने स्वतःच्या मोलाने शिकविले. चालता चालता पायाखाली सरळ रेषा उमटू लागल्या. नीट पाहिले तेव्हा ध्यानात आले की हे शेतांचे बांध आहेत. इतकी वर्षे दरसाल पाणी वरून जाते-येते, तरी कोणाचे खाचर कोठे संपत होते ते अजून वाचता येत होते. एवढे टिकाऊ अक्षर माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याचे नव्हते, आणि माझेही नव्हते.

देऊळ अचानक समोर आले. त्या दिवशी पाणी अजून पुरते हटले नव्हते. तीन बाजूंनी ते देवळाला धरून होते आणि एका बाजूने तेवढी चिखलातून पाऊलवाट पडली होती, त्यामुळे ते एखाद्या बेटावर असावे तसे दिसत होते. देऊळ मोठे नाही. आपल्या शहरातल्या एखाद्या पेठेत ते सहज लपून जाईल. पण दगड पाहून मनुष्य थबकतो. खालचे थर काळ्या पाषाणाच्या प्रचंड चिऱ्यांचे आहेत. काही चिरे माझ्या हातातील काठीहून लांब भरले, आणि त्यांतला एखादा जागचा हलवावयाचा तर दहा-पाच माणसांचे काम नव्हे. वर शिखराचा भाग मात्र निराळ्या जातीचा, चुन्याच्या कामाचा. आणि त्याची स्थिती वाईट. कोपरे झिजलेले, गिलावा गेलेला, ठिकठिकाणी पोटातले सामान उघडे पडलेले. गाभाऱ्यात पिंडी, आणि घोटाभर गाळ. माझ्या आधी कोणीतरी तो गाळ हातांनी बाजूला सारून पिंडी धुतली होती व वर बेलाची पाने ठेवली होती.

पायरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. डोक्याला मुंडासे, अंगात बंडी. मी रामराम केला व देऊळ केव्हाचे म्हणून विचारले.

''पांडवांचं,'' ते म्हणाले.

निम्मा जन्म मी 'पांडवकालीन' या शब्दावर तांबड्या रेघा ओढण्यात घालविला आहे. नाशिकची लेणी पांडवांची, अमुक डोंगरातले टाके पांडवांचे, तमुक देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेले! वनवासातील पाच माणसांनी एवढे बांधकाम केले असेल तर त्यांना वनवास भोगावयास फुरसत केव्हा मिळाली, हा विनोद मी वर्गात दरसाल करीत असे. तो ओठांवर आला होता. पण फळ्यापाशी उभा केलेला तो मुलगा आठवला आणि मी तो गिळला.

''पांडवांचं कशावरून, बाबा?''

''दगूड बघा की गुरुजी. भीमाबगार कोन उचलनार?''

मी मास्तर आहे हे मी त्यांस सांगितले नव्हते. ते कसे कळते कोण जाणे.

श्रोतेहो, घरी आल्यावर मी त्यांच्या या उत्तराचा पुष्कळ विचार केला, आणि मला वाटू लागले की ते उत्तर मूर्खपणाचे नाही. तो एक अनुमानाचा प्रकार आहे, आणि तो आपल्याच देशात आहे असेही नाही. भूमध्य समुद्रात माल्टा देशाचे गोझो नावाचे बेट आहे. तेथे ज्गंतिया या स्थळी दोन महापाषाणी मंदिरे उभी आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे ३६०० वर्षे, म्हणजे मिसरच्या पिरॅमिडांच्याही आधी, धातूचे हत्यार ज्यांच्यापाशी नव्हते अशा लोकांनी ती बांधली. त्यांतील काही शिळा पाच मीटरांहून लांब आणि पन्नास टनांहून जड आहेत. बेटावरच्या लोकांनी त्यांचे काय स्पष्टीकरण केले? एका राक्षसीने पोर कडेवर घेऊन हे दगड वाहून आणले! ज्गंतिया या नावातच राक्षसांचा अर्थ आहे. आमच्याकडे दक्षिणेत, मलबारात, प्राचीन काळच्या दगडी थडग्यांना 'पांडुकुळी' म्हणतात, आणि त्या नावाचा संबंध लोकांनी पांडवांशी जोडला. जेथे जेथे माणसाच्या आवाक्याबाहेरचा दगड दिसतो तेथे तेथे लोक आपल्या ओळखीतला सर्वांत बलवान कर्ता शोधतात. गोझोला राक्षसी सापडली, वेळवंड खोऱ्याला भीम सापडला. दोन्हींमध्ये मला आपला भीम अधिक आवडतो, हा अर्थात पक्षपात झाला.

मग आपल्या महाराष्ट्रात खरोखरीचे महापाषाण नाहीत काय? आहेत, पण ते विदर्भात. नागपूरजवळ जुनापाणी येथे मोठमोठे गोटे वर्तुळाकार मांडलेली सुमारे ३०० स्मारके आहेत. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा ही त्याच जातीची ठिकाणे. त्यांच्या पोटांत लोखंडी हत्यारे आणि घोड्यांचे तांब्याचे अलंकार सापडले आहेत, व ती अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची धरली जातात. परंतु ती मृतांची स्मारके आहेत, मंदिरे नव्हेत. गाभारा, पिंडी, शिखर अशी मांडणी असलेले कांबरेश्वर त्या कुळातले नाही. मोठे चिरे एकावर एक बसवून देवळे बांधण्याची रीत दख्खनमध्ये यादवांच्या काळी भरभराटीस आली, आणि पुढेही गवंड्यांनी ती सोडली नाही. त्या सर्वांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. त्यांतली कित्येक यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्या जन्मापूर्वीची आहेत आणि कित्येक त्याच्या मरणानंतरची. म्हणजे आम्हां शिकलेल्यांचा हेमाडपंत आणि त्या बाबांचा भीम यांत वाटते तेवढे अंतर नाही.

पण या देवळाबाबत एक गोष्ट मला पायरीवर बसल्या बसल्या दिसली, आणि ती मी कोठे वाचलेली नव्हती.

चुना पाण्यात हळूहळू विरघळतो. शिवाय पाण्याने बुडविलेल्या इमारतीला खरा अपाय खोल, स्वस्थ पाण्यात होत नाही. पाण्याची पातळी चढता-उतरताना होतो. आज शिखरावर लाटा आपटतात, पंधरा दिवसांनी गळ्यावर, पुढे कमरेवर. ओले झालेले काम उन्हाने तडकते, तडकलेल्या भेगेत पुढल्या वर्षी पाणी शिरते. यात पहिल्यांदा जातो तो गिलावा, मग सांध्यांतला चुना, मग हलके सामान. राहतात ते फक्त मोठे दगड, आपल्या वजनावर. आता चुना धुपून गेलेली भिंत आणि मुळातच बिनचुन्याची भिंत, या दोन्ही पाहणाऱ्याला सारख्याच दिसतात. देवळावर गिलावा असताना, शिखर कोरेकरकरीत असताना, ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या जगातले दिसले असते. आज दरसाल पाणी त्याच्या अंगावरचे अलीकडचे तेवढे काढून नेते आणि खालचे दगड उघडे करते. धरण जितके जुने होते आहे तितके देऊळ अधिकाधिक पांडवांचे होते आहे. आणखी पन्नास वर्षांनी तेथे भीमाशिवाय कोणी शिल्लकच राहणार नाही.

हे मी त्या बाबांना माझ्या परीने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. ''म्हंजी वरचं जातंय नि खालचं राहतंय,'' ते म्हणाले. मी होय म्हटले. ''त्ये आमाला ठावं हाय. वरचं पडताना बघितलंय आमी.''

पाण्यात गेलेल्या देवळांचे करावयाचे काय, हा प्रश्न जगात इतरांनाही पडला आहे. मिसर देशात नाईल नदीतील फिली बेटावर इसिस देवीचे भव्य मंदिर होते. १९०२ साली अस्वानचे धरण झाले आणि ते बेट दरसाल कित्येक महिने पाण्यात जाऊ लागले. प्रवासी नावेत बसून खांबांच्या मधून फिरत, आणि भिंतींवरील रंग वर्षागणिक धुऊन जात. पुढे दुसरे मोठे धरण झाले तेव्हा मंदिर कायमचे बुडण्याची वेळ आली; तेव्हा कोठे जग जागे झाले, आणि १९७२ ते १९८० या काळात सुमारे ४०,००० दगड सुटे करून जवळच्या दुसऱ्या बेटावर ते मंदिर पुन्हा उभारले गेले. याउलट स्पेन देशात ग्वादालपेराल येथे शंभरांहून अधिक शिळांचे एक प्राचीन स्मारक १९६३ साली धरणाखाली गेले आणि लोकांच्या विस्मरणातही गेले. २०१९ च्या अवर्षणात ते सबंध उघडे पडले, तेव्हा शिळा झिजल्या, तडकल्या हे लोकांच्या ध्यानी आले, आणि हलवावे की ठेवावे यावर वाद सुरू झाला.

कांबरेश्वर वर हलवावा काय? मी बाबांना विचारले. तेवढ्यात पलीकडून एक बाई आली होती, हातात नारळ आणि तांब्या, बरोबर एक लहान मुलगी. माहेरी आलेली दिसत होती. उत्तर बाबांनी दिले नाही, तिने दिले. ''वर न्हेऊन काय करायचं गुरुजी? देव हितला हाय. आमी येतोच की.'' आणि तिने मुलीला गाभाऱ्यात ओढून घेतले, गाळात पाय भरतील म्हणून कुरकुरत होती तरी.

माझे मत विचाराल तर तिच्याशी माझे पूर्ण जुळत नाही. ती भक्त आहे आणि मी मास्तर आहे. हलविता येत नसेल तर निदान मोजून तरी ठेवावे. दर वैशाखात पंधरा दिवस, महिनाभर हे देऊळ कोरडे असते. तेवढ्या अवधीत प्रत्येक थराचे माप घ्यावे, छायाचित्रे काढावीत, चुन्याचा नमुना तपासावा, शिखर कोठून सुटते आहे ते पाहावे. पुढल्या वर्षी पुन्हा पाहावे. याला फिलीसारखे ४०,००० दगड उचलावे लागत नाहीत. चार अभ्यासू माणसे आणि एक टेप पुरे. पुण्याहून हे स्थळ एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. शनिवार-रविवारी भोर घाटात चहा घ्यावयास जाणारी आपली मुले तेथे गेली तर एखादे वेळी चपला चिखलात रुततील, यापलीकडे काही होणार नाही. मात्र देवळाच्या शिखरावर चढून छायाचित्र काढून घेण्याचा मोह त्यांनी टाळावा. पाण्याला जे करावयास नव्वदांहून अधिक वर्षे लागली ते दोन धट्टीकट्टी पोरे एका मिनिटात करतील.

मी त्या मुलाची चौकशी केली. म्हणजे त्याच्या वडिलांचे नाव घेऊन, ते पाटकरी होते असे सांगून, बाबांना विचारले. या खोऱ्यातले पुष्कळ लोक पाटबंधाऱ्याच्या नोकरीत गेले, मुंबईला गेले, पुण्याला गेले, असे ते म्हणाले. त्या आडनावाची घरे पलीकडच्या काठाला आहेत. पण त्यांतले कोणी मास्तरकडे बघून ओळखणार नाही. मग निबंधाची गोष्ट मी त्यांना सांगितली. ती त्यांना मी अपेक्षिली होती तेवढी गंभीर वाटली नाही. ते हसले.

''त्यानं बराबर ल्हिलं हुतं,'' ते म्हणाले. ''उसाला पाणी सुटलं की देव भाईर. त्याच्या बापाच्याच हातात दार हुतं न्हवं?''

हे मात्र मला त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते. उन्हाळी आवर्तन आले म्हणजे माझ्या शाळेची मुले कालव्यात उड्या मारीत, आणि मी छडी घेऊन त्यांच्यामागे धावत असे. त्यांच्या अंगावरून जे पाणी वाहत होते ते याच गाभाऱ्यातून निघालेले होते. पाटकऱ्याचा मुलगा एकटाच पाण्यात न उतरता काठावर बसे. त्याला पोहता येत नसावे असे मी समजलो होतो.

ऊन कलले तशी वाऱ्याने पाण्यावर रेघा उठू लागल्या. बाई पूजा आटोपून मुलीला घेऊन वर निघाली होती. मी खोबऱ्याचा तुकडा खाल्ला, दोन्ही चपला हातांत घेतल्या आणि निघालो. बाबा चार पावले बरोबर आले.

''तुमी खालचं म्हना,'' ते म्हणाले. ''कंच्या पाटावरलं?''

''उजव्या.''

''पानी पोचतंय का येळच्या येळी?''

पोचते, असे मी म्हणालो. ते थांबले तेथूनच परतले, आणि मी बांधांच्या रेषांवरून रस्त्याकडे चढू लागलो.